बेचाळीस थर

खोल्या तीन. दारे पाच, खिडक्या चार, दगडी जिना एक. मधल्या खोलीत लाकडी खांब दोन, त्यांच्यावर आडवी टाकलेली तुळई एक, तुळईवर दोन्ही बाजूंनी टेकलेल्या कड्या चोवीस. छताला उजेडासाठी ठेवलेला झरोका एक. वरचे पावसाचे पाणी बाहेर टाकणाऱ्या पन्हाळी सहा. त्यांतल्या दोन वाहत्या, चार चुन्याने बुजवलेल्या. सोलापुरातल्या शुक्रवार पेठेतल्या एका घरात एप्रिल १९७५ मध्ये एवढे होते, आणि ते सगळे विकायचे होते.

मित्रांनो, या यादीतली तुळई म्हणजे मी. माझी लांबी बारा फूट, उंची दहा इंच, रुंदी नऊ इंच. लाकूड सागाचे. माझ्या खालच्या अंगाला पाळणा टांगण्यासाठी दोन लोखंडी आकडे आहेत. त्यांना आजवर सात मुलांचे पाळणे लागले.

तुम्ही स्लॅबच्या घरात राहत असाल तर माळवद म्हणजे काय हे मला सांगावे लागेल. माळवद म्हणजे मातीचे सपाट छत. आधी खांब, खांबांवर तुळई, तुळईवर कड्या म्हणजे बारीक वासे, कड्यांवर फळ्या. फळ्यांवर कडुलिंबाचा पाला अंथरतात, म्हणजे वाळवी लागत नाही. त्यावर तुडवलेली माती घालतात आणि सगळ्यांत वर खारी पांढरी माती. आमच्या भागात पाऊस थोडा आणि ऊन फार. मातीच्या छताखाली दुपारीही गार वाटते. मात्र ही सगळी माती शेवटी कशावर तरी उभी असते. मधल्या खोलीची माती माझ्यावर उभी आहे.

माझा जन्म कारवारकडच्या रानातला. तिथून मी मालगाडीने सोलापूरला आले. शरणप्पा नावाच्या ज्वारीच्या व्यापाऱ्याने १९२१ साली हे घर बांधले, तेव्हा आठ माणसांनी मला खांबांवर चढवले. त्या दिवशी माझ्यावर नऊ इंच माती पडली. नऊ इंचांचा भार मला पेलवत होता. मी त्यासाठीच बेतलेली होते.

दर वर्षी वैशाखात, पावसाआधी, माळवदावर नवी माती टाकण्याची इथे रीत आहे. गाढवांवरून पांढरी माती येते. तिच्यात मीठ मिसळतात, म्हणजे वर गवत उगवत नाही. मग ती भिजवून पसरतात आणि चोपून घट्ट करतात. शरणप्पा नवी माती टाकण्याआधी जुन्या मातीचा वरचा पापुद्रा फावड्याने खरडून काढत. जेवढे काढले तेवढेच घालत. पहिली दहा वर्षे माझ्यावरची माती नऊ इंचच राहिली.

१९३१ साली खरडताना कुणाचे तरी फावडे खोल गेले आणि त्या पावसाळ्यात माळवद गळले. मधल्या खोलीत रचलेली मंगळवेढ्याची ज्वारी भिजली आणि तिला कोंब आले. शरणप्पांचा मुलगा गुरुसिद्धप्पा तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. ज्वारी रस्त्यावर पसरून वाळवावी लागली आणि पेठेतली माणसे येता-जाता बघत राहिली. पुढच्या वर्षीपासून माळवदाचे काम गुरुसिद्धप्पांनी आपल्या हातात घेतले. त्यांनी खरडणे बंद केले. घालणे मात्र चालू ठेवले.

त्यानंतर माळवद गळले नाही. गुरुसिद्धप्पांना घरात अप्पा म्हणत. पेठेत म्हणायचे, घर ठेवावे तर अप्पांनी. त्यांची मुलगी हेमावती सातव्या वर्षापासून डोक्यावर मातीची पाटी घेऊन जिना चढायची. धाकटा मुलगा शिवप्पा वर जाऊन माती तुडवायचा आणि मार खाऊन खाली यायचा. माझ्याकडे कोणी दुर्लक्ष केले असे मी म्हणणार नाही. दिवाळीला मला तेल मिळे, दसऱ्याला आपट्याची पाने. मी फक्त थोडी थोडी खाली येत होते. रोज बघणाऱ्याला ते दिसत नाही.

१९७५ च्या माघात अप्पा गेले. तेव्हा हेमावती मंगळवेढ्याला आपल्या सासरी होती. शिवप्पा बापाचे दुकान चालवत होता आणि सात रस्ता चौकाकडे नव्या स्लॅबच्या घरात राहत होता. जुन्या घरात राहणारे कोणी उरले नव्हते. घर दोघांचे होते. चैत्राच्या मध्याला दोघे मधल्या खोलीत, माझ्या बरोबर खाली, सतरंजी टाकून बसले.

"अक्का, सगळं काढून स्लॅब टाकू म्हटलं तर पावसाच्या आत होत नाही की," शिवप्पा म्हणाला. "सिमेंट परमिटवर हाय. अर्ज टाकायचा आणि बसायचं वाट बघत."

"मग आहे तसंच विकायचं? असं रंग उडालेलं? अप्पांचं घर म्हणून सांगायचं लोकांना आणि हे दाखवायचं?"

"मी कुठं म्हटलं? रंग मारू. ऑइलपेंट. तुळई जरा खाली आलीय, ती झाकू. मायाप्पा सुताराला सांगतो, खालनं एक सरळ फळी मारतील. दिसायला नको."

"आणि माळवद? वैशाख आला. अप्पा असते तर आत्तापर्यंत दारात माती पडली असती."

"टाकू की एक थर. तू म्हणत असशील तर दोन टाकू."

मित्रांनो, लाकडाला बोलता येत असते तर मी त्या वेळी बोलले असते. लाकूड फक्त वाजते. थंडीत मी कधी कधी वाजत असे, तेव्हा अप्पा म्हणत, "घर जागं आहे." त्या दिवशी एप्रिलचे ऊन होते. मी वाजलेही नाही.

माती आली. वीस गाढवांची खेप दारासमोर ओतली गेली. ती पसरण्याआधीच घर बघायला माणसे आली: पोस्टात काम करणारे धर्मपाल, त्यांची बायको मुक्ताबाई आणि तीन मुले. ही मंडळी एका खोलीत भाड्याने राहत होती. धर्मपालांनी दारे उघडून-लावून पाहिली. मुलांनी खांबांना मिठ्या मारल्या. मुक्ताबाई मधल्या खोलीत आल्या, कमरेवर हात ठेवले आणि वर बघत राहिल्या.

"ही तुळई अशी का दिसायलीय ओ? पोट सुटल्यागत?"

शिवप्पा हसला. "पन्नास वर्षं झाली ताई तिला. तुमचं आमचं सुटतंय, तिचं नको सुटायला?"

"आमचं सुटलं तर आमच्याच अंगावर ऱ्हातंय," मुक्ताबाई म्हणाल्या. "हिचं सुटलं तर लेकरांच्या अंगावर यील. आमी हितंच निजणार, या झरोक्याखाली."

शिवप्पाचे हसू थांबले. धर्मपाल शांतपणे म्हणाले, "घर आवडलंय आम्हाला. पण हिला जाणत्या माणसाला दाखवा, आणि तो काय म्हणतो ते जसंच्या तसं आम्हाला सांगा. आठ दिवस थांबतो."

ते गेल्यावर शिवप्पा म्हणाला, "दाखवायचं काय त्यात? फळी मारली की संपलं." हेमावती माझ्याकडे बघत होती. त्या आकड्यांना तिचाही पाळणा लागला होता.

दुसऱ्या दिवशी मायाप्पा सुतार आले. वय साठीच्या पुढे. मला खांबांवर चढवणाऱ्या आठ जणांत त्यांचे वडील होते. मायाप्पांनी फळी आणली होती, पण दोरी लावल्याशिवाय ते फळी कापत नसत. त्यांनी दोरीचे एक टोक हेमावतीच्या हातात दिले, तिला एका खांबापाशी स्टुलावर उभे केले आणि स्वतः दुसऱ्या खांबापाशी गेले. माझ्या दोन टोकांच्या वरच्या कडेला लावून दोरी ताणली. टोकांशी ती मला चिकटून होती. मध्यावर मी तिच्या खाली गेले होते. मायाप्पांनी तिथे पट्टी लावली.

"एक इंच सात सूत."

सुतारांच्या मोजणीत एका इंचाचे आठ सूत होतात. म्हणजे दोन इंचांना एक सूत कमी, एवढी मी वाकले होते.

"एवढी कशानं उतरली मामा?" हेमावतीने विचारले.

"पाणी लागलं असंल." मायाप्पांनी पटाशीचे टोक माझ्यात ठिकठिकाणी रोवून पाहिले. हातोडीने ठोकले आणि कान लावला. "पाणी न्हाय. वाळवी बी न्हाय. लाकूड ठणठणीत हाय. ठणठणीत माणूस वाकतंय कवा?"

"ओझं असल्यावर."

"व्हय की. मग वर काय ठिवलंय तुमी?"

"वर? वर काय, माळवद!" शिवप्पा म्हणाला. "बाकी काही नाही."

मायाप्पा चहा प्यायला बाहेर कट्ट्यावर बसले. समोर या घराची पन्हाळींची भिंत होती. अर्धा कप झाल्यावर त्यांनी बोटाने मोजायला सुरुवात केली.

"मालक, पन्हाळी सहा कशाला ओ?"

"अप्पांनी दोनदा बदलल्या. वर पाणी तुंबायला लागलं की बदलायचे."

"बदलल्या न्हाईत. चढवल्यात. बघा की, जोडीवर जोडी, जोडीवर जोडी. सगळ्यात खालची माझ्या बाच्या हातची हाय."

शिवप्पा भिंतीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "लहानपणी वरचा कठडा माझ्या छातीला लागायचा. आता मांडीला येतो."

"तुमी वाढलाव की."

"तेच म्हणतो मी. वाढलो."

"माणूस वाढतंय मालक," मायाप्पा म्हणाले. "पन्हाळ कुटं वाढती?"

तिघे वर गेले. मायाप्पांनी कुदळ उचलली तसा शिवप्पा आडवा आला. "खणलं तर गळेल. आठ दिवसांनी ते लोक येणार, आणि छताला भोक दाखवू?"

मायाप्पा हेमावतीकडे वळले. अप्पांच्या माळवदाला आजवर कोणी कुदळ लावली नव्हती, आणि ती लावायची की नाही हे आता तिच्यावर आले होते. खणले नाही तर थर पडणार होता, फळी बसणार होती, रंग लागणार होता, आणि माझ्याखाली तीन मुले निजणार होती.

"चाळीस वर्षं एक थेंब आला नाही मामा," ती म्हणाली. मग तिने पायाने माती दाबून पाहिली. "एक फूट. एकच फूट खणा."

मायाप्पांनी एक फूट लांब, एक फूट रुंद खड्डा खणला, कडा उभ्या आणि साफ ठेवून. कापलेल्या मातीत आडव्या रेघा दिसल्या, जाड वहीची पाने बाजूने दिसतात तशा. दर वर्षीच्या खाऱ्या थराचा वरचा पापुद्रा कडक आणि पांढरा होता. हेमावती गुडघ्यांवर बसली आणि केरसुणीचा हीर टेकवत रेघा मोजू लागली. खाली लालसर माती लागली तिथे थांबली. ती शरणप्पांची पहिली माती होती, तशीच नऊ इंच. तिच्या वरची माती साडेदहा इंच होती.

"बेचाळीस," हेमावती म्हणाली.

"त्रेचाळीस पाहिजेत," शिवप्पा म्हणाला. "बत्तीस सालापासून अप्पांनी एक वर्ष चुकवलं नाही."

"चुकवलं. त्र्याहत्तर साली. दुष्काळात प्यायला पाणी नव्हतं, माती कशानं भिजवणार?"

"आणि खरडलं न्हाय कवाच?" मायाप्पांनी विचारले.

"अप्पा म्हणायचे, माळवदावरची माती काढायची नसते."

"माझा बा म्हणायचा, काढल्याबिगर घालायची नसती."

शिवप्पा खाली गेला आणि दुकानातला मोठा काटा हमालाच्या पाठीवर देऊन घेऊन आला. खड्ड्यातली वरची साडेदहा इंच माती त्याने पोत्यात भरून तोलली. एकोणचाळीस किलो. हे एका चौरस फुटाचे वजन होते. माझ्या वाट्याला येणारे छत बारा फूट लांब आणि नऊ फूट रुंद आहे, म्हणजे एकशे आठ चौरस फूट. शिवप्पाने कठड्यावर कोळशाने गुणाकार केला. चार हजार दोनशे बारा किलो. व्यापारी माणूस किलोत विचार करत नाही. त्याने पोती केली. क्विंटलाचे एक, याप्रमाणे बेचाळीस पोती.

"बेचाळीस पोती," तो म्हणाला. "हिच्या डोक्यावर. अप्पा गोदामात बारावर तेरावं पोतं चढवू देत नव्हते. थप्पी फुटेल म्हणायचे."

हेमावती खड्ड्याच्या कडेवर बसून होती. "यातली निम्मी मी वाहिली," ती म्हणाली.

शिवप्पाने हातातला कोळसा खाली टाकला. मग तो म्हणाला, "बेचाळीस वर्षं, बेचाळीस पोती. वर्षाला एक. अक्का, बलुतंच की हे. हिचं बलुतं अप्पांनी कधी थकवलं नाही."

हेमावतीने त्याच्याकडे रागाने पाहिले. मग तिला हसू आले, आणि हसताना तिने पदराने डोळे पुसले. शिवप्पाने तोंड दुसरीकडे वळवले.

त्याच संध्याकाळी हेमावतीने धर्मपालांना कार्ड लिहिले. त्यात चारच ओळी होत्या: तुळई एक इंच सात सूत वाकली आहे, लाकूड निरोगी आहे, वर बेचाळीस वर्षांची जादा माती आहे, ती आमच्या वडिलांनी काळजीपोटी टाकली. दुसऱ्या दिवशी पोस्टात वर्गवारी करताना ते कार्ड धर्मपालांच्याच हाताखालून गेले. कार्ड शिक्का बसून घरी पोचेपर्यंतही ते थांबले नाहीत. सुटी झाल्यावर सरळ आले.

"माती काढणार का?" त्यांनी विचारले.

"काढणार," हेमावती म्हणाली. "स्लॅब नाही, नवी तुळई नाही. फक्त जास्तीची आहे ती काढणार. रंग तुमचा तुम्ही मारा."

"आणि ती फळी?"

शिवप्पा घाईने म्हणाला, "फळी मारू की. दिसायला बरं दिसेल."

"नको," धर्मपाल म्हणाले. "तिला उघडीच राहू द्या. दिसत राहिली तर कळत राहील."

माती काढायला सहा दिवस लागले. एकदम काढू नका, दोन्ही बाजूंनी सारखी काढा, असे मायाप्पांनी मजुरांना बजावले होते. दारासमोरची वीस गाढवांची नवी माती तशीच परत गेली. वरून निघालेली जुनी माती बोळात पडत होती. तिसऱ्या दिवशी शेजारच्या नीलम्मा पाटी घेऊन आल्या.

"हेमाक्का, अप्पांची माती द्या की दोन पाट्या. कधी न गळालेली माती ती. आमच्या माळवदावर टाकते."

"न्या," वरून मायाप्पा ओरडले. "पण आदी आपली खरडा!"

"व्हय व्हय, खरडते की."

नीलम्मांचे पाहून बाकीचे आले. सहा घरांनी माती नेली. त्यांतल्या दोन घरांनी आधी खरडले.

माती निघत होती तशी मी वाजत होते. मजूर घाबरून खाली बघायचे. सहाव्या दिवशी वर फक्त शरणप्पांची नऊ इंच माती आणि तिच्यावर एक पातळ लेप राहिला. मायाप्पांनी दोरी लावली. एक इंच चार सूत. बुजवलेल्या पन्हाळींतल्या सगळ्यांत खालच्या दोन मोकळ्या केल्या. शिवप्पा कठड्याला टेकून उभा राहिला. कठडा आता त्याच्या कमरेला लागत होता.

मृगाच्या आधी घर धर्मपालांचे झाले. आषाढात झरोक्याच्या कडेला माळवद गळले. मुक्ताबाईंनी खाली तांब्या ठेवला. रात्रभरात तो पाऊण भरला. उघडीप मिळताच धर्मपालांनी तेवढी जागा खरडली, खरडले तेवढीच माती घातली आणि चोपली. त्यानंतर त्या पावसाळ्यात तांब्या लागला नाही. मुले माझ्याखालीच निजतात. धाकटी मुलगी आकड्यांना दोरी बांधून झोका खेळते. तिचे वजन मी मोजत नाही.

मित्रांनो, आपल्या घरातल्या वस्तूंना जपा, हे तुम्हाला पुष्कळांनी सांगितले असेल. मला एवढेच जोडायचे आहे की जपताना अधूनमधून दोरीही लावून पाहा. चाळीस वर्षे माझी काळजी घेणारा माणूस माझ्यावर दर वर्षी एक पोते चढवत होता. त्याच्या मनात काही वाईट नव्हते. त्याने मोजले नव्हते, इतकेच. ज्याची काळजी घ्याल त्याच्यावर काही नवे ठेवण्याआधी, जुने किती आहे ते बघा.

दसऱ्याला हेमावती मंगळवेढ्याहून एस.टी.ने आली. मुक्ताबाईंनी तिला चहा दिला आणि मायाप्पांना बोलावणे पाठवले. धर्मपालांनी स्टूल आणले. दोरीचे एक टोक हेमावतीने धरले, दुसरे मुक्ताबाईंनी. मायाप्पांनी मध्यावर पट्टी लावली, चष्मा वर केला आणि आकडा वाचला.

एक इंच तीन सूत.